ओबरमाटची शिरगणती

दोह्याबाहेरच्या उम्म सलालच्या बागेकडे सगळे निघाले होते. पिकअपमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी हजराचा नवरा कासम बसला होता. मागे सांदणांचे डबे आणि मटणाचा टोप सांभाळत ती, मुलगी फरजाना आणि धाकटा दीर फजल. चौसष्ट सालच्या जानेवारीतला शुक्रवार होता, वारा थंड होता. दोहा सोडल्यापासून फजलने दोनदा तिच्याकडे पाहून नजर वळवली होती. त्याला काहीतरी सांगायचं आहे आणि ते फरजानासमोर सांगायचं नाही, एवढं तिला कळलं होतं.

बाग कासमच्या मालकाची होती. त्याला सगळे अर्बाबच म्हणत. त्याच्या पेढीवरची इंग्रजी पत्रं कासम तेरा वर्षं लिहीत होता. मुलीच्या मंगनीची बोलणी दोन खोल्यांच्या घरात कशी करणार, म्हणून अर्बाबने आपणहून बागेची चावी दिली होती. खजुरांच्या दोन रांगा, लसूणघासाचा हिरवा तुकडा, पंपाच्या पाण्याची सिमेंटची टाकी. मुलाकडचे नमाजानंतर येणार होते. मुलाचा बाप अब्बास दुखानच्या तेल कंपनीत स्टोअरकीपर होता, मुलगा मुनाफ तिथेच इलेक्ट्रिशियन. अब्बासची विधवा बहीण जैतून हिने आईवेगळ्या मुनाफला वाढवलं होतं, त्यामुळे होय-नाही तिच्या हातात होतं.

कासम चटया अंथरायला गेला तसा फजल टाकीमागे हजराकडे आला. त्याने सदऱ्यातून एक जाड पाकीट काढलं.

"भाभी, हे मंगळवारी अर्बाबच्या दुकानाच्या पोस्ट बॉक्सला आलं. भाईच्या नावाने. मी फोडलं."

"भाईचं पत्र तू फोडलंस?"

"तिकीट बघून फोडलं."

तिकिटावर बर्फाचा डोंगर होता. हजराला ते डोंगर माहीत होते. साठच्या मे महिन्यात अर्बाब छातीच्या दुखण्यावर इलाज करायला स्वित्झर्लंडला गेला, तेव्हा इंग्रजी बोलायला कासमला बरोबर घेऊन गेला होता. तिथून कासम चौदा महिन्यांनी परतला. ती तेव्हा गावी होती, दाभोळच्या खाडीपलीकडे. दर पंधरा दिवसांनी पत्र यायचं. आतलं अक्षर कासमचं असायचं, पण पाकिटावरचं इंग्रजी कुणा बाईचं. असं वळणदार, सावकाश लिहिलेलं अक्षर पुरुषाचं नसतं, हे तिला इंग्रजी अक्षरओळख नसतानाही समजत होतं. ती पाकिटं तिने टाकून दिली नव्हती.

फजलने पाकिटातून एक पातळ पुस्तक काढलं. मधलं पान उघडून फोटोवर बोट ठेवलं. घोड्यांची एक बिनचाकी गाडी, आजूबाजूला बर्फ, आणि गाडीपाशी उभी दहा-बारा माणसं. त्यातला लांब कोटातला, केसाळ टोपी घातलेला माणूस कासम होता. हसत होता. त्याच्या शेजारी टोपी घातलेली एक गोरी बाई उभी होती. तीही हसत होती.

"पुस्तकातलं इंग्रजी मला झेपलं नाही, पण पत्रात 'फॉर्मर रेसिडेंट' लिहिलंय," फजल हळूच म्हणाला. "म्हणजे तिथे राहून गेलेला. मालकाबरोबर गेलेल्या कारकुनाला कुणी रेसिडेंट म्हणतं का, भाभी? आम्ही इथे किती वर्षं आहोत, आम्हाला कुणी म्हटलंय?"

हजराने फोटो बराच वेळ पाहिला. कासम परत आला तेव्हा सगळे म्हणाले होते, काय तब्येत सुधारली आहे. गाल भरले होते, रंग उजळला होता. एखाद्या माणसाला घरचं जेवण मिळाल्याशिवाय तो असा दिसत नाही. बासष्टमध्ये ती आणि फरजाना बोटीने दोह्याला आल्या, तेव्हापासून तो खिडकीपाशी वेगळ्या खाटेवर झोपत होता. त्याचा कप वेगळा, ताट वेगळं. कुणाला हात लावू द्यायचा नाही. तिने एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, तिकडची सवय लागली. तिकडची म्हणजे कुणाची, ते तिने विचारलं नव्हतं.

"आज दाखवू नकोस कुणाला," ती म्हणाली. "आधी पोरीचं होऊ दे."

पुस्तक तिने सांदणांच्या डब्याखाली, टोपलीत सरकवलं.

फजलला तिचं ते शांत राहणं आवडलं नाही. ती रडेल, निदान चिडेल असं त्याला वाटलं होतं. चार दिवस हे ओझं तो एकटा वागवत होता, आणि आता ते वाटून घेतलं तरी हलकं झालं नव्हतं.

त्याला साठ सालचा जुलै महिना आठवत होता. अर्बाब सहा आठवड्यांत ठणठणीत होऊन परत आला, आणि विमानातून एकटाच उतरला. कासमभाई कुठे, असं विचारल्यावर 'शुगल' म्हणाला, काम आहे. फजलला त्या पेढीचं एकूण एक काम माहीत होतं, आणि त्या डोंगरात पेढीचं काही काम नव्हतं. त्या चौदा महिन्यांत पेढीची पत्रं फजल टाइप करत होता. दोन बोटांनी, चुका खोडत, पण करत होता. भाई परत आला आणि फजल पुन्हा दुकानात पंखे विकायला गेला. त्याबद्दल त्याने कधी तोंड उघडलं नाही. ज्या भावाने त्याला अक्षरं शिकवली, इथे आणलं, त्याच्याशी खुर्चीवरून भांडायचं कसं? पण ज्या भावाने सगळं शिकवलं, तो आपल्याला एवढी मोठी गोष्ट सांगत नाही, हे त्याला खुर्चीपेक्षा जास्त लागलं होतं.

पाहुणे दीडच्या सुमारास कंपनीच्या जीपमधून आले. जेवणं झाली. अब्बास मोजकं बोलणारा माणूस होता. कासमला त्याने पेढीचं विचारलं, घराचं विचारलं, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही मध्यंतरी युरोपला होता म्हणे. बरेच दिवस."

"हो. अर्बाबचं काम होतं."

"कसलं?"

"पत्रव्यवहाराचं."

अब्बासने मान हलवली आणि बहिणीकडे पाहिलं. फजलने ते पाहणं टिपलं. म्हणजे ही बातमी दुखानपर्यंत गेलेली होती.

जैतून हात धुवायला टाकीकडे गेली. ती परत आली तेव्हा हजरा डबे आवरत होती, आणि डबा उचलताना टोपलीतलं पुस्तक उघडं पडलं. हजराने त्यावर पटकन फडकं टाकलं. जैतून तिथेच थांबली.

"काय गो झाकतेस?"

"काही नाही. कागद आहेत."

"नाय कसं? फोटो दिसला मला." जैतून खाली वाकली आणि पुस्तक उचलून चटईवर घेऊन आली. "कासमभाई, हे तुमचंच तोंड हाय ना?"

कासमने पुस्तक पाहिलं. फजलने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला एकदम आपण केलेल्या गोष्टीची भीती वाटली. भाऊ रागावला नव्हता. दार उघडून आत आलेल्या माणसाला पाहावं, तसा तो त्या पुस्तकाकडे पाहत होता.

"हे कुठून आलं?"

"पोस्टाने आलं, भाई," फजल म्हणाला. "मी आणलं."

जैतून बसली. "मी सरळ बोलते. आमच्या कानावर आलंय, की कासमभाईंचं परदेशात दुसरं घर हाय. मी म्हटलं, लोक काय वाटेल ते बोलतात. आता हा फोटो बघितला. आमचा एकच मुलगा हाय. उद्या कुणी मडमेची पोरं दारात येऊन उभी राहिली तर आमची काय शोभा? ह्यात काय लिहिलंय ते वाचा. मग पुढचं बोलू."

"मी सांगतो," कासम म्हणाला.

"तुम्ही नको," अब्बास पहिल्यांदाच ठाम बोलला. "मुलीला इंग्रजी येतं ना? तिला वाचू दे."

फरजाना मुंबईत मामाकडे राहून मॅट्रिक झाली होती. आतापर्यंत ती मान खाली घालून बसली होती, कारण तिच्याकडून आज तेवढीच अपेक्षा होती. मुनाफकडे तिने एकदाच पाहिलं होतं. त्याच्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना व्रण होता. आता सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि आई सोडून सगळ्यांना घाई होती.

पुस्तकावर तीन भाषांत तेच नाव होतं. इंग्रजीत: 'ओबरमाट, गावाचा इतिहास आणि लोकसंख्या'. सोबतच्या पत्रात नगरपालिकेने लिहिलं होतं, की साठ सालच्या डिसेंबरच्या शिरगणतीत गावात मोजल्या गेलेल्या प्रत्येकाला हे पुस्तक भेट म्हणून पाठवत आहोत. तिने ते मराठीत सांगितलं.

"मोजलं म्हणजे तिथे राहत होते," जैतून म्हणाली. "पुढे वाच."

"शंभर वर्षांपूर्वी गावात तीनशे बारा माणसं होती," फरजाना वाचू लागली. इंग्रजी वाक्य मनात वाचून ती मराठीत सांगत होती. "गाई होत्या, गवत होतं, दुसरं काही पिकत नव्हतं. बर्फ पडला की सात महिने रस्ता बंद. घरातल्या थोरल्याला जमीन मिळायची. बाकीचे दुसऱ्या देशांत चाकरीला जायचे. कुणी शिपाई म्हणून, कुणी हॉटेलात. काही गावं नुसती बायकांची होती, असं लिहिलंय."

"आपल्यासारखंच की," अब्बास म्हणाला. जरा वेळ तो आपण कशासाठी ऐकतो आहोत हे विसरला होता.

"मग एक डॉक्टर आला. त्याने पाहिलं, की शहरात चाकरीला जाऊन..." फरजाना थांबली. पुढची ओळ तिने मनात वाचली. शहरांतून फुप्फुसांचा क्षय घेऊन परतलेले गावकरी या हवेत बरे होतात, असं त्याच्या लक्षात आलं. तिने ती ओळ पुन्हा वाचली.

"काय झालं?"

"कठीण शब्द आहे. शहरातून थकून आलेल्या माणसांना इथली हवा मानवते, असं त्याच्या लक्षात आलं. मग लोक यायला लागले. आगगाडी आली. मोठमोठ्या इमारती झाल्या. पन्नास वर्षांपूर्वी गावात गावकऱ्यांपेक्षा..." पुस्तकात पेशंट म्हटलं होतं. "पाहुणे जास्त होते. दोन हजार गावकरी आणि तीन हजार पाहुणे."

बापाने मान वर केली. फरजानाने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्याला कळलं होतं हे तिला कळलं. पुढे लिहिलं होतं, की त्या काळात गावातल्या चर्चमध्ये मयतीची घंटा वाजवणं बंद केलं, कारण वरच्या गॅलऱ्यांत निजलेले लोक टोले मोजायचे. ते तिने गाळलं. पुढे, नवी औषधं आली आणि सॅनिटोरियम ओस पडू लागली. आता तिथे बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणाऱ्यांची हॉटेलं झाली आहेत. त्यातली हॉटेलं तेवढी तिने सांगितली.

वेगळी खाट. वेगळा कप. रात्रंदिवस उघडी खिडकी. आई ज्याचा एक अर्थ लावत होती, त्याचा दुसरा अर्थ तिच्या हातात छापलेला होता. आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. सवत असलेल्या घरातली मुलगी लोक करतात. क्षयाच्या घरातली करत नाहीत. आणि इथे सरकारी डॉक्टरला कळलं तर बापाला पुढच्या बोटीने परत पाठवतील.

"ही आकड्यांची उतरंड कसली?" जैतूनने शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"कुठल्या देशाचे किती लोक होते ते."

"हिंदुस्तानचे?"

"एक."

"इथे दोन खाने दिसतात. तो एक कुठल्या खान्यात हाय?"

पहिल्या रकान्यावर रहिवासी लिहिलं होतं, दुसऱ्यावर उपचार घेणारे. एकचा आकडा दुसऱ्यात होता.

"नोकरीवाल्यांच्या," फरजाना म्हणाली. "अब्बा तिथे नोकरीला होते. तेच लिहिलंय."

जैतूनने भावाकडे पाहिलं. अब्बासने निःश्वास सोडला. ते बहुतेक तेवढ्यावर मिटलं असतं.

"नाही, बाय," कासम मुलीला म्हणाला. "तसं लिहिलेलं नाही. पुस्तक इकडे दे."

तो पुस्तक मांडीवर घेऊन बोलला, कुणाकडेही न पाहता.

"अर्बाब आजारी होता म्हणून आम्ही गेलो. त्या दवाखान्याचा नियम होता, बरोबर येईल त्याचाही एक्स-रे काढायचा. अर्बाबच्या छातीत काही निघालं नाही. माझ्या निघालं. उजव्या बाजूला, एवढं. अर्बाबने मला सांगितलं, तू इथेच राहायचं. मी म्हटलं, घरी काय कळवू? तो म्हणाला, काम आहे असं कळव, मीही तेच सांगतो. त्याने तो शब्द आजपर्यंत पाळलाय. चौदा महिने मी त्या गॅलरीत निजून होतो. बर्फ पडत असला तरी बाहेरच निजवायचे, पिशवीत गुंडाळून. नुसतं पडायचं आणि खायचं. पंधरा दिवसांनी तासभर हात सोडायचे, तेवढ्यात पत्र लिहायचो; पाकिटावर पत्ता नर्स लिहायची, तोवर माझे हात पुन्हा आत बांधलेले असायचे. तिथेही आम्हाला पाहुणेच म्हणत. फरजानाने तेवढं खरं सांगितलं."

"आणि ही?" जैतूनने फोटोतल्या बाईवर बोट ठेवलं. पण आता तिचा आवाज वेगळा होता.

"तीही पाहुणीच. महिन्यातून एकदा बरं असणाऱ्यांना गाडीतून फिरवायचे, त्या दिवशीचा फोटो आहे. मार्चमध्ये ती गेली."

पंप चालू होता. अब्बास चटईवर बसल्या जागी हातभर मागे सरकला. मुद्दाम नाही, शरीरच सरकलं. जैतूनने आपल्यासमोरचं रिकामं ताट पाहिलं.

"आम्ही तुमच्या भांड्यांत जेवलो," ती म्हणाली.

"त्यांचं भांडं वेगळं असतं," हजरा चटकन म्हणाली. "कप, ताट, सगळं वेगळं. कुणाला हात लावू देत नाहीत."

दोन वर्षं ती ज्याच्यावर कुढत होती ते तिने स्वतःच्या तोंडून ऐकलं होतं. फरजानाने आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती.

"आता बरे आहात?" मुनाफने विचारलं. आल्यापासून तो पहिल्यांदा बोलत होता.

"दोन वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी अर्बाब मला बहरैनला पाठवतो. तपासून येतो. आता काही नाही."

"तुमच्या सांगण्यावर आम्ही कसा भरवसा ठेवायचा?" अब्बास म्हणाला. "तुम्हीच सांगा, कासमभाई. चार वर्षं तुम्ही बायकोला सांगितलं नाहीत."

कासमने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"मुलीचा एक्स-रे काढायचा," जैतून म्हणाली. "आईचाही. एका घरात राहतात. मग बघू."

"काढीन," फरजाना म्हणाली. "आणि मुनाफ यांचाही काढायचा."

जैतून तिच्याकडे पाहत राहिली. "आमच्या मुलाचा कशाला?"

"त्यांच्या कॅम्पात एका खोलीत सहा जण झोपतात, असं तुम्हीच मघाशी सांगितलंत, फूफू."

"आमच्यावर संशय घेतेस?"

"तुम्ही घेतलात तेवढाच."

हजराने मुलीचा हात धरला, पण ओढला नाही. जैतून भावाकडे वळली. अब्बास चिडेल असं फजललाही वाटलं. पण स्टोअरच्या माणसाला दोन्ही बाजूंची नोंद हवी असते. तो थोडा वेळ दाढी चोळत बसला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "दोघांचा काढू. तोपर्यंत मंगनी नाही झाली आणि मोडलीही नाही." मग उठताना कासमला म्हणाला, "आमच्या तोंडून ही गोष्ट बाहेर जाणार नाही. जैतूनची जबाबदारी माझी."

जीप गेल्यावर फजल चटया गुंडाळू लागला. कासम त्याच्याजवळ गेला.

"तू मला दुकानात दिलं असतंस तर चाललं असतं, फजल."

"तुम्ही मला साठ साली सांगितलं असतं तर चाललं असतं, भाई," फजल म्हणाला. त्याने चटई खांद्यावर घेतली आणि पिकअपकडे गेला. टाइपरायटरचं तो बोलला नाही. कासमही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी पेढीवर त्याने अर्बाबला सांगितलं, की पत्रांना आता दोन माणसं लागतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी, कासम जेवून आपलं ताट स्वतः विसळत होता तेव्हा, हजराने विचारलं, "तिथे मेला असतात तर मला कोण सांगणार होतं?"

"अर्बाबकडे एक पत्र लिहून ठेवलं होतं."

"त्यात काय होतं?"

कासमने ताट पालथं घातलं. "गाडीला अपघात झाला, असं."

"म्हणजे मेल्यावरही खोटं."

"गावात कळलं असतं तर फरजानाला कुणी केलं नसतं. तुला भावाने घरात घेतलं नसतं."

"मी तुम्हाला पत्रात काय लिहीत होते, आठवतं? की बकरी व्यायली. की खाडीच्या तोंडाशी जाळ्याला चांगला पापलेट लागतोय. तुम्ही बर्फात बांधून पडला होता, आणि मी बकरीचं लिहीत होते." तिने पदराने तोंड पुसलं. "सवत असती ना, तर मी भांडले तरी असते. मला वाटत होतं, तुम्हाला माझी किळस येते. दोन वर्षं मी दारं लावून रडले. तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

"येत होतं."

"मग?"

तो उभाच होता. "जवळ आलो असतो तर सांगावं लागलं असतं."

ती आत निघून गेली.

एक्स-रे पुढच्या बुधवारी काढले. रिपोर्टला आठ दिवस लागले. त्या गुरुवारी सरकारी इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात दोन्ही घरं समोरासमोरच्या बाकांवर बसली होती. जैतून आली नव्हती. मुनाफचं नाव आधी पुकारलं. तो आत गेला आणि दोन मिनिटांत कागद घेऊन बाहेर आला. कागद त्याने बापाकडे न देता आधी फरजानाकडे दिला. तिने वाचला आणि परत केला.

"साफ आहे," ती म्हणाली.

"मला माहीत होतं," मुनाफ म्हणाला.

"मला नव्हतं."

तो हसला. अब्बासने दुसरीकडे पाहिलं.

मग हजरा आणि फरजानाला आत बोलावलं. डॉक्टर हैदराबादकडचा होता, वयस्क, हिंदीत सावकाश बोलणारा. फरजानाचा रिपोर्ट त्याने सही करून बाजूला ठेवला. हजराची काळी फिल्म दिव्यासमोर धरली आणि बराच वेळ पाहत राहिला.

"आपको कभी लंबा बुखार आया था? महीनों तक?"

हजराने मुलीकडे पाहिलं. "हिच्या वेळचं बाळंतपण झाल्यावर," ती मराठीतच म्हणाली. "चार महिने. रोज संध्याकाळी ताप चढायचा. सुईण म्हणाली, नजर लागली."

फरजानाने ते हिंदीत सांगितलं. डॉक्टरने पेन्सिलने फिल्मवर डाव्या बाजूला वर एक ठिकाण दाखवलं. पांढरा, वाटाण्याएवढा डाग. हा क्षयाचाच डाग आहे, तो म्हणाला, पण पंधरा-अठरा वर्षांचा जुना. आपोआप बरा झालेला. कित्येकांच्या छातीत असतो, त्यांना पत्ताही नसतो. आता यातून काही होणार नाही. रिपोर्टवर तो चालू आजार नाही असंच लिहील, कारण तेच खरं आहे.

"तेव्हा घरात कुणी जवळ होतं? ज्याला नंतर झाला?" त्याने सहज विचारलं. डॉक्टर विचारतात तसं.

हजराला ते दिवस आठवले. त्या चार महिन्यांत कासम मुंबईची नोकरी सोडून घरी आला होता. ती खायची नाही म्हणून स्वतःच्या ताटातले घास भरवायचा. रात्रभर तिच्या शेजारी पडून ओल्या फडक्याने कपाळ पुसायचा. सासू म्हणायची, एवढा बायकोवेडा पुरुष पाहिला नाही.

"कोणी नाही," ती म्हणाली.

फरजानाने ते हिंदीत सांगितलं. शब्द दोनच होते, पण ते सांगताना तिने आईकडे पाहिलं नाही आणि आईने तिच्याकडे.

बाहेर कासम उभा राहून वाट पाहत होता. अब्बासने दोन्ही कागद हातात घेतले, एकेक ओळ बोट ठेवून वाचली, शिक्के पाहिले आणि कासमला दाखवून, घडी घालून परत दिले. "इन्शाल्ला, ईदनंतरची तारीख धरू," तो म्हणाला, आणि बसल्या जागेवरून पुढे सरकून कासमचा हात हातात घेतला. मुनाफ आपल्या बुटांकडे पाहत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

ते दोघं जीपकडे गेल्यावर कासम हजराजवळ आला.

"तुझा कागद साफ आहे ना?"

"वाचलात ना तुम्ही."

"मग डॉक्टर तुझ्याशी इतका वेळ काय बोलत होता?"

"गाव विचारत होता," हजरा म्हणाली. "कोकणात कधी आला होता म्हणे. बोलका आहे."

कासमने तिच्याकडे पाहिलं, मग फरजानाकडे. फरजाना कागद पाकिटात नीट घालत होती, खूप वेळ लावून. चौदा महिने पंधरा-पंधरा दिवसांनी खोटं लिहिलेल्या माणसाला समोरचं खोटं ओळखू येतं की नाही, याचा हजराला अंदाज येईना. त्याने आणखी काही विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं. निदान तिला त्या क्षणी तसं वाटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि टॅक्सी बघायला बाहेर उन्हात गेला.